एलईडी टिकते, मग बल्ब का जातो?

खोक्यावर २५,००० तास छापलेलं असतं. रोज पाच तास दिवा लावला तर साडेतेरा वर्षं झाली. मग दोन-तीन वर्षांतच बल्ब फडफडायला का लागतो?

पहिली गोम त्या आकड्यातच आहे. एलएम-८० नावाच्या चाचणीत एलईडीच्या चिप, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाश देणारे बारीक तुकडे, किमान ६,००० तास सतत जळत ठेवतात आणि प्रकाश किती उतरला ते मोजतात. मग त्यावरून तो मूळच्या ७० टक्क्यांवर कधी येईल याचं गणित मांडतात. आयुष्याचा आकडा बहुधा याच हिशेबातून येतो. यात तपासली जाते ती चिप, अख्खा बल्ब नव्हे. आणि बल्ब मरतो तो बहुतेक वेळा चिपमुळे नाहीच.

जुन्या पिवळ्या बल्बची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापायची, पण ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर निघून जायची. एलईडीच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळजवळ नसतात. निम्म्याहून अधिक विजेची मात्र उष्णताच होते आणि ती चिपच्या पाठीमागून, ॲल्युमिनिअमच्या चकतीतून बल्बच्या बुडाकडे उतरते. नेमकं तिथेच ड्रायव्हरचं, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारं, सर्किट बसवलेलं असतं!

एलईडीला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज लागते; घरात येते सतत दिशा बदलणारी एसी. ही एसी दर सेकंदाला शंभर किंवा एकशे वीस वेळा शून्यावर येते. ही खळगी भरून काढायला ड्रायव्हरमध्ये कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून लागेल तेव्हा सोडणारा भाग, असतो. स्वस्त आणि आटोपशीर म्हणून तो बहुधा इलेक्ट्रोलायटिक प्रकारचा घेतात. त्याच्या आत द्रव असतो आणि तापमान वाढलं की तो रबरी बुचातून हळूहळू उडून जातो. अभियंत्यांचा ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे २० अंशांनी पाव. कपॅसिटर वाळत गेला की आधी प्रकाश थरथरतो, पुढे दिवा बंदच पडतो.

चिपमुळे जाणारे बल्बही असतातच. चिप एकसर जोडणीत असतात, त्यामुळे जुन्या दिव्यांच्या माळेसारखं एकीने दम तोडला की सगळा अंधार. चिपला जोडणारी तार केसाहून बारीक असते. दिवा दर वेळी तापतो, निवतो आणि सांधे ताणले जातात. लागून विझणारा, पुन्हा लागणारा बल्ब अनेकदा अशाच सुटत आलेल्या सांध्याचा असतो.

त्यात काटकसर. कमी चिप वापरून त्यांतून जास्त प्रवाह सोडला की बल्ब स्वस्त पडतो आणि जास्त तापतो. उलटही करता येतं. २०१६मध्ये फिलिप्सने दुबई महापालिकेसाठी काढलेल्या बल्बमध्ये एलईडीची संख्या वाढवून प्रत्येकीवरचा भार कमी केला. परिणामी दर वॅटमागे २०० ल्युमेनपर्यंत (ल्युमेन म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश मिळतो आणि बल्ब कमी तापतो. तंत्रज्ञान आहे, फक्त ते महाग पडतं.

आपल्या हातात उरते ती जागेची निवड. काचेच्या बंद गोळ्यात किंवा छतात रुतलेल्या खोल खोबणीत बल्बभोवतीची हवा कोंडते. तिथे शक्यतो कमी वॅटचा आणि बंद जागेसाठी चालतो असं खोक्यावर लिहिलेलाच बल्ब लावावा. जुना डिमर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करायचं बटण, असेल तर साधा एलईडी बल्ब तिथे लावूच नये. अर्धवट कापलेली वीज त्याच्या ड्रायव्हरला सोसत नाही.