गढूळपणाच्या आकड्यापासून कणाच्या छबीपर्यंत

नागपूरचे सांडपाणी भांडेवाडीच्या केंद्रात प्रक्रिया करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरवले जाते. अशा पाण्यात नेमके काय तरंगते आहे हे वापरणाऱ्याला वेळेत कळावे लागते, कारण तेलाचा थेंब, वाळूचा कण आणि जैविक गाळ यांवरचे उपाय निरनिराळे आहेत. प्रकाशाने पाणी तपासण्याच्या पद्धती मात्र दीर्घकाळ ‘किती’ एवढेच सांगत राहिल्या.

१८६५ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे मोजले. त्यानंतर अमेरिकेत जॅक्सन यांचे मेणबत्तीचे उपकरण आले, ज्यात खालची ज्योत अस्पष्ट होईपर्यंत काचेच्या उभ्या नळीत पाणी ओतत जायचे. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असले की ज्योत दिसतच राही, म्हणजे बारीक फरक कळायला हवा तिथेच ते उपकरण निकामी ठरे. १९२६ मध्ये फॉर्मॅझिन हे, गढूळपणाची मोजणी ज्याच्याशी ताडून पाहता येते असे प्रमाणद्रव्य मिळाले, आणि पुढे काटकोनात विखुरलेला प्रकाश मोजणारे नेफेलोमीटर रूढ झाले.

एकेक कण वेगळा पाहण्याची सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभी झिग्मोंडी आणि झीडेनटोप्फ यांच्या अतिसूक्ष्मदर्शकाने झाली. त्यात बाजूने टाकलेल्या प्रकाशात कण चमकत, पण त्यांचा आकार उमगत नसे. नागपुरात १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या सुरुवातीच्या काळातही पाण्याची तपासणी म्हणजे मुख्यतः बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलेला नमुना, आणि बाटलीत ठेवलेल्या पाण्यातले तेल तोवर वर येऊन काचेला चिकटलेले असते.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सीसीडी हा प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करून छबी टिपणारा संवेदक जन्मला आणि कालांतराने वाहत्या पाण्यातच कणांची छायाचित्रे घेणे शक्य झाले. मागून प्रकाश देऊन टिपलेल्या छबीत वाळू कोनदार दिसते, तर तेलाचा थेंब आणि हवेचा बुडबुडा दोन्ही गोल. त्यांतला फरक ओळखायला अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, उपयोगी पडतो: तेलाचा पाण्यापेक्षा जास्त, हवेचा कमी, त्यामुळे दोन्हींतून प्रकाश उलट बाजूंना वळतो. विरघळलेले क्षार मात्र अशा छबीत येत नाहीत. त्यांच्यासाठी पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजणाऱ्या वाहकतामापकासारखे वेगळे साधन वापरावे लागते.