जांभळा रंग उडाला, पण कुठे?

एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की कॉलेजच्या लॅबमध्ये वर्तमानपत्रांवर पाला वाळत पडलेला दिसतो. शेवगा, अडुळसा, तुळस. पाला सावलीतच वाळवायचा, कारण कडक उन्हात त्यातले नाजूक पदार्थ उडतात किंवा बिघडतात. मग मिक्सरमधून पूड काढायची, ती मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची आणि मिथेनॉल उडवून टाकायचं. तळाला उरतो चिकट, काळपट हिरवा अर्क.

या अर्कात अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करू शकणाऱ्या मुक्तमूलकांना आवरणारे पदार्थ, किती आहेत ते तपासायचं असतं. हा पुढचा भाग बघण्यासारखा असतो. डीपीपीएच नावाच्या रसायनाचं द्रावण गर्द जांभळं असतं, पिकल्या जांभळाच्या रसासारखं. त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो, म्हणजे तो मुक्तमूलक (फ्री रॅडिकल). बहुतेक मुक्तमूलक क्षणभरही टिकत नाहीत, हा मात्र बाटलीत भरून ठेवता येतो. अर्कातल्या पॉलिफेनॉल या अँटिऑक्सिडंट रसायनांनी त्याला हायड्रोजन दिला की जांभळा रंग विरतो आणि नळी पिवळट होते. अर्धा तास अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग मोजतात. ब्लॉइस या शास्त्रज्ञाने १९५८ साली मांडलेली ही पद्धत स्वस्त आहे, सोपी आहे, म्हणून तर घरोघरी मातीच्या चुली तसे लॅबोलॅबी डीपीपीएच.

निकाल ‘आयसी५०’ या आकड्यात सांगतात: निम्मे मुक्तमूलक निकामी करायला किती अर्क लागला. म्हणजे आकडा जितका लहान तितका अर्क जोरदार. हे उलटं वाचून मोठ्या आकड्यावर खूश झालेली मुलं मी पाहिली आहेत. अर्काचा स्वतःचा हिरवा रंग वजा करायला विसरलेलीही.

पानात ही रसायनं का असतात? आपल्यासाठी नक्कीच नाही. पान दिवसभर उन्हात उभं असतं. हरितद्रव्याला झेपेल त्याहून जास्त प्रकाश आला की ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. त्यांच्यापासून बचावाची ही पानाची घरची सोय.

आता गोची अशी, की नळी म्हणजे शरीर नव्हे. आपण मिथेनॉल पीत नाही. पाण्यात उकळलेल्या काढ्यात उतरणारे पदार्थ वेगळे. शेवग्याच्या पानातलं क्वेर्सेटिन हे पॉलिफेनॉल आतड्यातून शोषलं जातं तेही थोडंच, आणि आतडं व यकृत त्याचं रूप लगेच बदलून टाकतात. शिवाय मुक्तमूलक सरसकट शत्रू नसतात. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात.

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलं. अपेक्षा होती कर्करोग घटण्याची. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त! हाच पदार्थ शेवग्याच्या पाल्यातही असतो. म्हणून काही पाल्याची भाजी सोडायची नाही. ताटातला घास आणि रोजची गोळी यांत फरक आहे. भाजी खावी ती कॅल्शियमसाठी, प्रथिनांसाठी, आणि लसणाच्या फोडणीवर परतली की छान लागते म्हणून.

‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ असं छापलेली पावडर बाराशे रुपयांना घ्यावी का, असं एका विद्यार्थिनीने विचारलं होतं. टेबलावर माझा कोरा चहा निवत होता. त्याचे दोन थेंब तिच्या जांभळ्या नळीत टाकले. नळी पिवळी झाली.