लेन्स गरजेची की हौसेची?

"कॅमेऱ्याला लेन्स घ्यायचीय, कुठली घेऊ?" असं साताऱ्यात विचारलं तर उत्तर विचारणाऱ्यावर नाही, सांगणाऱ्यावर ठरतं. लग्नाच्या ऑर्डरी करणारा म्हणतो, "डोळे झाकून २४-७० घे," म्हणजे २४ ते ७० मिमी फोकल लेंग्थची झूम; हा आकडा जितका मोठा तितका विषय जवळ दिसतो. दरवर्षी कासला जाणारा म्हणतो, "मॅक्रोशिवाय मजा नाही," म्हणजे बारीक वस्तू मोठी टिपणाऱ्या लेन्सशिवाय. तिसरा आपल्या एफ/१.२ ने (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आणि मागचं चित्र जास्त धूसर) काढलेला फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवतो आणि मागचा पोवई नाका कसा विरघळून गेलाय त्याचं कौतुक करत बसतो. खोटं कुणीच बोलत नाही. पण पहिल्याचं उत्तर गरजेचं आहे, तिसऱ्याचं हौसेचं, आणि मधल्याचं कुठलं ते त्यालाही धड ठाऊक नसतं.

घोळ होतो, कारण या दोन्ही लेन्स दुकानाच्या एकाच काचेच्या कपाटात असतात. तीच ८५ मिमी कोरेगावच्या स्टुडिओवाल्याची गरज असते आणि बँकेत नोकरी करून रविवारी फोटो काढणाऱ्याची हौस. फरक काचेत नसतो, घेण्यामागच्या कारणात असतो. कारण बदललं की पारखायची रीतही पार उलटी होते, म्हणून हे दोन धागे वेगळे केलेले बरे. नाहीतर हौसेच्या लेन्सला गरजेची मापं लावून माणूस हिरमुसतो आणि गरजेच्या लेन्सला हौसेची लावून हप्त्यात अडकतो.

गरज ओळखणं तसं सोपं. एखादा फोटो हुकलेला असतो आणि तो का हुकला हे बोट ठेवून सांगता येतं. उजेड कमी पडला. विषय लांब होता. विषय इतका बारीक होता की फोकसच होईना. नाहीतर मागे सरकायला जागा नव्हती. चांदोबाच्या लिंबाजवळ माउलींच्या पालखीचं उभं रिंगण टिपायला गेलेल्यांना हे सांगायला नको. बहुतेक अडचणी या चारांत बसतात. पाचवी कुणी सांगायला लागला की मी ती हळूच हौसेच्या खात्यात टाकतो.

यातली बारीक विषयाची अडचण जरा उलगडून बघू, कारण तिथे लोक हमखास फसतात. कासच्या पठारावर पावसाळा सरता सरता सीतेची आसवं फुलतात. लांबून निळाजांभळा पट्टा दिसतो, पण एकेक फूल जेमतेम सेंटिमीटरभर. समजा, हातात २४ मेगापिक्सेलची क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा आहे. त्याचा सेन्सर सुमारे २२ मिमी रुंद आणि फोटो ६००० पिक्सेल रुंद. त्यावर कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम, सगळ्यांची लाडकी 'फिफ्टी', लावली आणि फोकस होईल तितकं जवळ गेलं, तरी वस्तू सेन्सरवर ०.२१ पटच उमटते. फूल झालं दोन मिमी, फोटोत साधारण साडेपाचशे पिक्सेल. आता गंमत बघा. कॅमेऱ्याबरोबर आलेली, सगळ्यांनी नावं ठेवलेली १८-५५ एफ/३.५-५.६ एसटीएम किट लेन्स ०.३६ पटीपर्यंत जाते. तेच फूल साडेनऊशे पिक्सेलच्या पुढे जातं. कासचा हंगाम आला म्हणून किट लेन्स काढून टाकून फिफ्टी घेणाऱ्याने जवळ जायच्या नादात स्वतःला मागे ढकललेलं असतं.

खरी मॅक्रो लेन्स १:१ देते. फूल सेन्सरवर पूर्ण दहा मिमी, म्हणजे सत्तावीसशेच्या आसपास पिक्सेल. दवबिंदू या कीटक खाणाऱ्या रोपाच्या पानावरचे लाल केस, त्यांच्या टोकाचे चिकट थेंब, त्यात रुतलेलं चिलट आणि त्याचा अर्धा सुटलेला पंख, सगळं दिसतं. मग ही गरजच म्हणायची की! थोडं थांबा. १:१ वर, क्रॉप बॉडीवर, एफ/८ ठेवलं तरी पुढचंमागचं मिळून मिलिमीटरभरही फोकसमध्ये राहत नाही. शिवाय इतक्या जवळून सेन्सरवर पोचणारा उजेड जवळपास चौथाईवर येतो. कासचा वारा कुणाला सांगायचा? तो फुलाला एका झुळकीत दहा-वीस मिमी हलवतो. म्हणजे लेन्स आली तरी ट्रायपॉड, चिकाटी आणि ढगाळ दुपार लागतेच.

वर्षातून एकदाच जाणार असाल तर एक्स्टेन्शन ट्यूब बघा. ही नुसती पोकळ नळी, आत काच नाही. ५० मिमीच्या लेन्समागे एकूण ५० मिमीच्या ट्यूब लावल्या की जवळपास १:१ मिळतं. उजेड जातो, लांबचं फोकस होत नाही आणि लेन्सचं तोंड फुलाला टेकायला येतं. एक हंगाम त्यावर काढावा. तेवढ्यात "माझीच सावली फुलावर पडते, किडा उडून जातो" अशी नेमकी तक्रार तयार झाली तर १०० मिमी मॅक्रो ही गरज ठरली, कारण ती तेच १:१ फुलापासून जरा मागे राहून देते. तक्रार तयार झालीच नाही तर उत्तरही मिळालं. (पालथं पडून फोटो काढताना पोटाखाली काय चिरडतंय तेही बघावं. १:१ मिळवण्यापायी पन्नास रोपं झोपवलेली पाहिली आहेत.)

लांबच्या विषयाचा हिशेब तर तोंडी होतो: विषयाची उंची गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर. मायणी-येरळवाडीकडे हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. सव्वा मीटर उंचीचा पक्षी शंभर मीटरवर असेल तर ३०० मिमीने तो सेन्सरवर पावणेचार मिमी येतो, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या उंचीचा पाव भाग. ६०० मिमीने अर्धा. पण पाव भागसुद्धा हजार पिक्सेल होतात आणि मोबाइलवर टाकायला ते पुरतात. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरायला लागली की ६०० ची लेन्स ती थरथर तेवढी मोठी करून दाखवते. पहाटे जाणं त्यापेक्षा स्वस्त पडतं. तरीही दर शनिवार-रविवार तिथेच असाल तर १५०-६०० जरूर घ्या. वर्षातून दोन फेऱ्या असतील तर पुण्यात लेन्स भाड्याने मिळते.

आता लग्न. ज्यांचं पोट यावर आहे त्यांची गरज सगळ्यात स्वच्छ असते, कारण मुहूर्त दुसऱ्यांदा येत नाही. कार्यालयातले पिवळे-निळे एलईडी, स्टेजवर व्हिडिओवाला आडवा, शेवटचं 'सावधान' होताच नेमका मामा पुढे सरकतो. अशा वेळी पाय हलवून फ्रेम साधता येत नाही, मनगट फिरवून साधावी लागते. म्हणून झूम. आणि एफ/४ ऐवजी एफ/२.८, कारण उजेड दुप्पट मिळतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता; जास्त असली की फोटो दाणेदार होतो) ६४०० चा ३२०० वर येतो आणि १२ बाय ३६ च्या अल्बमच्या पानावर तो फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. २४-७० एफ/२.८ दिसायला रुक्ष लेन्स आहे, तिच्यावर कुणी कविता करत नाही. पण महिन्याचं भाडं तीच भरते.

याच जागी हौस गरजेचा वेष घालून येते. "लो लाइटला लागते म्हणून एफ/१.२ घेतोय," हे वाक्य फार ऐकायला मिळतं. हिशेब करा. एफ/१.८ वरून एफ/१.२ वर गेल्याने उजेड सव्वादोन पट होतो, म्हणजे एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) थोडाच जास्त. नव्या बॉडीवर आयएसओ एक घर वर नेलं की तो भरून निघतो. त्यासाठी १६० ग्रॅमच्या फिफ्टीच्या जागी सहाशे ग्रॅमच्या घरातली लेन्स गळ्यात येते आणि किंमत कित्येक पट होते. शिवाय ती पूर्ण उघडी, म्हणजे एफ/१.२ वर ठेवून काम करायचं म्हटलं तर ८५ मिमी एफ/१.२ ने दीड मीटरवरून नवरीचा चेहरा घेऊन बघा. फोकसमध्ये राहतात दोन सेंटिमीटर. डोळा धारदार आला की नथ विरघळते, नथ धरली तर पापण्या जातात, आणि शेजारचा नवरदेव तर कुठल्या कुठे. नवरीची आई नथीचे मोती मोजणार आहे. तिला तो ब्लर समजावून सांगत बसावं लागतं. फोटोग्राफर मग गुपचूप एफ/२.८ वर येतो. उजेडासाठी घेतलेली लेन्स तिचं छिद्र लहान करूनच वापरायची असेल तर ती उजेडासाठी घेतलेलीच नव्हती.

म्हणून ती घेऊ नये का? खुशाल घ्यावी, फक्त कारण खरं सांगून. त्या लेन्समधून चेहरा जसा उमलतो, मागचे दिवे जसे गोल फुगतात, ते आवडलं म्हणून घेतली, एवढं पुरेसं आहे. आपल्याकडे हे कळायला जड जाऊ नये. ट्रॅक्टर घेताना तो डिझेल किती खातो ते आपण विचारतो. शर्यतीचा खिल्लार खोंड घेताना तो किती एकर नांगरेल असं कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर लोक हसतील. अडचण खोंडात नाही; खोंड घेऊन घरी "नांगरणीला आणलाय" असं सांगण्यात आहे.

गरज आणि हौस जागा बदलतात, हे लेन्सच्या इतिहासातच दिसतं. १८४० मध्ये व्हिएन्नात गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी पोर्ट्रेटसाठी लेन्स आखली. गरज रोकडी होती: तेव्हाच्या प्लेटवर चेहरा उमटायला माणसाला मिनिटंच्या मिनिटं दगडासारखं बसावं लागे. पेट्झवालांची लेन्स एफ/३.६ ची होती आणि आधीच्या लेन्सपेक्षा जवळपास वीसपट उजेड आत घेई. त्या बदल्यात कडेचं चित्र भोवऱ्यासारखं फिरलेलं यायचं, तो तिचा दोष. २०१३ मध्ये लोमोग्राफी या कंपनीने पितळी अंगाची नवी पेट्झवाल लेन्स काढली, तेव्हा लोकांनी पैसे मोजले ते त्या भोवऱ्यासाठीच. वीसपट उजेडाचं आता कुणाला काय!

तोच भोवरा स्वस्तात हवा असेल तर जुनी सोव्हिएत हेलिओस ४४-२ आहे: ५८ मिमी एफ/२, झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सवरून बेतलेली. झाडाच्या पानांतून ऊन झिरपतंय, समोर माणूस, मागे दहा-पंधरा फुटांवर तीच पानं, असं साधलं की भोवरा उठतो. सज्जनगडाच्या वाटेवर अशा जागा पुष्कळ. हिला ऑटोफोकस नाही, आणि सूर्य समोर आला की फोटो धुरकट होतो. गरजेच्या लेन्समध्ये हे दोष झाले असते. इथे लोक त्यांच्यासाठीच ही लेन्स शोधतात. मात्र घेण्यापूर्वी आपली बॉडी बघा. हेलिओससारख्या एम४२ माउंटच्या, म्हणजे आट्यांनी बसवायच्या लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं. मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात ते १६ ते २० मिमी असतं, त्यामुळे साधा अडॅप्टर चालतो. कॅननच्या डीएसएलआरला (आरशाच्या कॅमेऱ्याला) ४४ मिमी, तिथेही पातळ कडं बसतं. निकॉनच्या डीएसएलआरला मात्र ४६.५ मिमी, म्हणजे आधीच जास्त; तिथे मध्ये काच नसलेला अडॅप्टर लावला तर लांबचं फोकस होत नाही आणि अजिंक्यतारा कायमचा धूसर राहतो.

आपलं कारण कुठलं हे मनाला विचारू नका, मन वकिली करतं. कॉम्प्युटरवर मागच्या वर्षाचे, तुम्हीच निवडून ठेवलेले फोटो काढा आणि प्रत्येक कुठल्या फोकल लेंग्थवर आहे ते बघा; फोटोच्या माहितीत ते लिहिलेलंच असतं. १८-५५ वर निम्मे फोटो ५५ वर येऊन थांबलेले असतील आणि त्यातलेही कापून लहान केले असतील, तर टेलिफोटोची, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सची गरज आहे. १८ वर ढीग लागला असेल तर वाइडची, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सची. फोटो सगळीकडे सारखे पसरलेत आणि तरीही नवी लेन्स हवीशी वाटतेय, तर ती हौस. मग निवांतपणे, हप्ता न लावता, जी खुणावते ती घ्या. तिथे झूमपेक्षा एकाच फोकल लेंग्थची लेन्स जास्त आनंद देते असं माझं मत. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभराचं बहुतेक काम ५० मिमीवर केलं. ती मर्यादा त्यांनी आवडीने पत्करलेली होती.

खरेदीलाही दोघींची तऱ्हा वेगळी. गरजेची लेन्स घेताना बिल, वॉरंटी, सर्व्हिस सेंटर कुठे, बंद पडली तर त्या दिवशी कुणाची मागता येईल, हे आधी. सौंदर्य शेवटी. तिचं मॉडेल शक्यतो सगळे वापरतात तेच घ्यावं, म्हणजे विकतानाही गिऱ्हाईक मिळतं. हौसेच्या लेन्सचं उलट. ती आधी कुणाची तरी मागून आपल्या बॉडीवर लावून बघावी, कारण दुसऱ्याच्या फोटोत आवडलेली गोष्ट कधीकधी त्या माणसाच्या नजरेतली असते, लेन्समधली नसते.

साताऱ्याच्या पावसात हौसेच्या लेन्सला आणखी एक धोका असतो. गरजेची लेन्स दर आठवड्याला बाहेर निघते, तिला वारा लागतो. हौसेची जूनमध्ये चामड्याच्या पाऊचमध्ये जाते आणि दसऱ्याला निघते, तोवर आत बुरशीचं जाळं धरलेलं असतं. चामडं आणि कापड ओल धरून ठेवतात, म्हणून पाऊच काढून टाका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक, काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये. रंगाच्या जेलचा रंग पालटला की ते ओल पिऊन बसलं असं समजा. तव्यावर मंद आचेवर परतून कोरडं करा आणि थंड झाल्यावरच परत डब्यात टाका. तो तवा मात्र पुन्हा चपातीला नको. जुनी लेन्स विकत घेतानाही मागून टॉर्च मारून, पुढून तिरकं बघावं. धूळ दिसली तर चालेल. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या तर कितीही हौस असली तरी पैसे खिशातच ठेवा.