मेट्रोची दारं आणि गणिती सिद्धता

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर 31 मे 2025 पासून मेट्रो धावू लागली. तेव्हापासून गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "दारांचं सॉफ्टवेअर हजारदा टेस्ट केलं असणार, मग काळजी कसली?" इथेच गफलत होते. टेस्टिंगमुळे चूक सापडते. चूक उरलेली नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही.

पॅरिसची 14 नंबरची मेट्रो 1998 पासून चालकाविना धावते. तिचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर फ्रेंच संगणकतज्ज्ञ झाँ-रेमों आब्रियाल यांच्या 'बी' पद्धतीने लिहिलं गेलं. या पद्धतीत कोडच्या आधी गणितात अट मांडतात: दार उघडं असेल, तर वेग शून्य. ही अट कधीच मोडता कामा नये, म्हणून ती इनव्हेरियंट. मग एकेक क्रिया घ्यायची. 'दार उघड' केव्हा चालेल? वेग शून्य असताना. ठीक. 'निघ' केव्हा? समजा, कुणी लिहिलं, 'सिग्नल हिरवा असताना'. वाचायला बरोबर वाटतं. पण गाडी उभी, दार उघडं, सिग्नल हिरवा अशी स्थिती घ्या. इनव्हेरियंट पाळलेलं आहे. 'निघ' झालं की वेग शून्याच्या वर जातो, दार मात्र उघडंच! सिद्धता इथे अडते, आणि 'दार बंद' ही राहून गेलेली अट समोर येते. शाळेतलं गणिती विगमन आठवा: सुरुवातीची स्थिती बरोबर आणि प्रत्येक क्रिया इनव्हेरियंट राखणारी, तर क्रियांचा क्रम कुठलाही असो, अट टिकते. पॅरिससाठी अशा सुमारे 27,800 सिद्धता झाल्या.

आता याच सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांकडे वळू. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या वॉट्स हम्फ्री यांच्या कामातून सीएमएम (कॅपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल) हे कंपनीची सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत जोखणारं पाच पायऱ्यांचं मॉडेल आलं. 'लेव्हल 5' म्हणजे बिनचूक सॉफ्टवेअर, असा डांगोरा पिटला जातो, तो खोटा आहे. कामाची शिस्त किती मुरली आहे, एवढंच ती पातळी सांगते. पण पाचव्या पायरीवर दोषाचं मूळ शोधून कामाची पद्धतच बदलायची असते, आणि तिथे गणिती सिद्धता आणि सीएमएम यांची छान गाठ पडते. सिद्धता अडली की दोष रिक्वायरमेंटच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं ते लिहिण्याच्या टप्प्यावरच, नेमक्या ओळीसकट हाती लागतो. 'दार बंद'सारख्या अटी वारंवार राहून जात असतील, तर 'ही अट लिहिली का?' हा प्रश्न रिव्ह्यूच्या चेकलिस्टमध्येच घालायचा. पुढच्या प्रकल्पात त्या जागी किती सिद्धता अडल्या, हे मोजताही येतं.

दाराचा सेन्सरच 'बंद' असं चुकीचं सांगू लागला, तर मात्र कागदावरची सिद्धता हतबल ठरते. त्यासाठी दुसरा, स्वतंत्र सेन्सर लागतो, आणि दोघांचं जुळलं नाही तर गाडीने थांबून राहायचं, ही अटसुद्धा इनव्हेरियंटमध्ये लिहावी लागते.