पार्श्वभूमी: सारख्या दिसणाऱ्या बुरशी आणि ९७ टक्क्यांचा घोळ

मुळे कुजवणारी आर्मिलारिया युरोपात बराच काळ एकच प्रजाती समजली जाई. १९७०च्या दशकाच्या अखेरीस एकेका बीजाणूपासून वाढवलेले तंतू आगरवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) शेजारी-शेजारी लावून पाहिले, तेव्हा काहींचा संकर होईना. एका नावाखाली अनेक प्रजाती होत्या. ही पद्धत विश्वासार्ह, पण आठवडे खाणारी, आणि प्रयोगशाळेत संकरच न करणाऱ्या बुरशींपुढे हतबल.

१९९० साली बुरशीच्या डीएनएतल्या आयटीएस नावाच्या भागाचे प्रायमर, म्हणजे तो भाग नेमका पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, आले. रायबोसोमच्या जनुकांमधला हा साधारण ५०० ते ७०० अक्षरांचा पट्टा पेशीत अनेक प्रतींत असतो, म्हणून जुन्या वाळक्या नमुन्यातूनही पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) बहुधा यशस्वी होते. न झाल्यास आधी डीएनए दहापट पातळ करून पाहावा. बुरशीतली रंगद्रव्ये आणि पॉलिसॅकराइड्स पीसीआरचे एन्झाइम अडवतात. २०१२ साली आयटीएस बुरशींचा अधिकृत बारकोड (प्रजाती ओळखायची खूण) म्हणून सुचवला गेला.

खरा घोळ घातला तो ९७ टक्क्यांनी. दोन नमुन्यांचा आयटीएस निदान ९७ टक्के जुळला तर प्रजाती एकच, असा हा निकष. हा आकडा मुळात बुरशीचा नाहीच. १९९४ साली तो जिवाणूंच्या १६एस जनुकासाठी सुचवला गेला आणि नंतर आयटीएसला सर्रास लावला गेला. ६०० अक्षरांत ३ टक्के म्हणजे १८ फरक. फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलसच्या जवळच्या प्रजातींत एवढे फरक नसतातच. कधी दोघींचा आयटीएस तंतोतंत एकच निघतो. उलट काही बुरशींत एकाच नमुन्यातल्या प्रती आपसांत जुळत नाहीत. एखाद्या प्रतीत एक अक्षर जास्त असले, की त्या जागेपासून पुढे सिक्वेन्सिंगच्या आलेखात शिखरांवर शिखरे चढतात. मग दुसऱ्या टोकाकडून वाचावे लागते. शिवाय मोजायचे कसे, हेही ठरलेले नव्हते. एका नमुन्यात सलग १२ अक्षरे गळालेली असली आणि ती गळती अक्षरागणिक धरली तर २ टक्के जातात, एकच घटना धरली तर ०.२ टक्केही नाहीत. तोच नमुना, आणि मोजणी बदलली की प्रजाती बदलते! असा निकष इतकी वर्षे टिकायला नको होता.

वेगवेगळ्या जनुकांचे वंशवृक्ष जिथे एकाच जागी फुटतात तिथे प्रजातीची सीमा मानावी, हा विचार २०००पासून रुजला होता. आता फ्युजेरियमसाठी टीईएफ-१ आणि अ‍ॅस्परजिलससाठी कॅल्मोड्युलिन ही जनुके आयटीएसच्या जोडीला वाचतात. अनुक्रमांच्या डेटाबेसमधली पहिली जुळणी मात्र अजूनही डोळे झाकून घेतली जाते. ती टाइप नमुन्याची (प्रजातीचे नाव ज्यावर बेतले त्या मूळ नमुन्याची) आहे का, हे आधी पाहावे. चुकीच्या नावाने जमा झालेले अनुक्रम तिथे भरपूर आहेत.