शौचावरचा ताबा आणि मोबाइलमधली नोंदवही

"महिन्यातून साधारण किती वेळा होतं असं?" शौचावरचा ताबा सुटतो अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर हा प्रश्न विचारतातच. उत्तर येतं, "होतं अधूनमधून." या अधूनमधूनचा अर्थ एकाच्या बाबतीत जवळपास रोज असा निघतो, दुसऱ्याच्या बाबतीत महिन्यातून दोनदा. मुळात इथवर पोचतात तेच थोडे. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर दर बारा प्रौढांमागे सुमारे एकाला हा त्रास असतो. त्यातले कित्येक जण घरच्यांनाही सांगत नाहीत, मग डॉक्टर तर दूरच.

लाज बाजूला ठेवून सांगायचं ठरवलं, तरी आठवण दगा देते. १९९६ साली डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घेणाऱ्या रुग्णांना तपासणी चालू असताना दर मिनिटाला वेदना किती आहे ते विचारलं, आणि नंतर एकूण त्रासाबद्दल विचारलं. रुग्णांच्या लक्षात राहिला तो सर्वांत वाईट क्षण आणि शेवटची काही मिनिटं. तपासणी किती वेळ चालली, याचा आठवणीवर जवळजवळ परिणामच नव्हता. ताबा सुटण्याच्या बाबतीतही असंच घडणं स्वाभाविक आहे. चारचौघांत झालेली एक फजिती वर्षभर मनात राहते, पण आतल्या कपड्यांवर वरचेवर पडणारे बारीक डाग हिशेबातून निसटतात. निदानाला मात्र बहुतेक वेळा तेच डाग उपयोगी पडतात.

म्हणून डॉक्टर नोंदवही ठेवायला सांगतात. पण कागदी वहीचीही एक गंमत आहे. वेदनांच्या नोंदी ठेवणाऱ्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात वहीमध्ये गुपचूप प्रकाश ओळखणारा सेन्सर बसवला होता, म्हणजे वही खरंच कधी उघडली ते कळावं. ९० टक्के नोंदी वेळच्या वेळी केल्याचं वहीवरून दिसत होतं. प्रत्यक्षात तशा होत्या जेमतेम ११ टक्के. बाकीच्या नंतर बसून आठवून भरलेल्या. इलेक्ट्रॉनिक नोंदवही वापरणाऱ्यांच्या वेळच्या वेळी केलेल्या नोंदींचं प्रमाण ९४ टक्के निघालं, कारण ते यंत्र वेळेवर आठवण करून देत होतं आणि मागच्या तारखेची नोंद घेतच नव्हतं. मोबाइलमधल्या नोंदवहीच्या ॲपचा खरा फायदा हाच आहे. रंगीत आलेख दिसायला छान असतात, इतकंच.

आता लिहायचं काय? त्यासाठी शरीराची रचना थोडी समजून घ्यायला हवी. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन वलयं असतात. आतलं वलय आपल्या इच्छेने चालत नाही; एरवी दार बंद ठेवण्याचं बरंचसं काम तेच करतं, अगदी झोपेतही. बाहेरचं वलय आपल्या हुकमातलं. कळ आली की आपण आवळून धरतो ते हे. शिवाय मागून गोफणीसारखा वळसा घालणारा एक स्नायू मलाशयाला पुढे ओढून कोन करून ठेवतो. आणि खाली येतंय ते वायू आहे, पातळ आहे की घट्ट, याचा अंदाज तिथलं नाजूक अस्तर घेतं.

त्यामुळे नोंदीत संख्येपेक्षा एक गोष्ट मोलाची ठरते: आधी कळलं होतं का? "जोराची कळ आली, पोचेपर्यंत धरवलं नाही," असं असेल तर संशय बाहेरच्या वलयावर किंवा चिडलेल्या मलाशयावर जातो. "कळलंच नाही, कपड्यांवर डाग दिसला तेव्हा समजलं," असं असेल तर आतल्या वलयाकडे किंवा संवेदनेच्या मज्जातंतूंकडे पाहावं लागतं. शौचाला जाऊन आल्यावर थोडं झिरपत असेल तर पोट पूर्ण साफ न होणं हे एक कारण असू शकतं.

दुसरी मोलाची गोष्ट मलाच्या घट्टपणाची. १९९७ साली प्रसिद्ध झालेली ब्रिस्टल पट्टी यासाठी बहुतेक ॲपमध्ये असते. सात चित्रं: पहिलं सुट्या कडक खड्यांचं, सातवं निव्वळ पाण्यासारखं. चित्रावर बोट टेकवलं की झालं, वर्णन करत बसायला नको. आता समजा, एखाद्याच्या नोंदी अशा आहेत: सोमवारी शौच नाही. मंगळवारी प्रकार १, खूप कुंथावं लागलं. बुधवारी नाही. गुरुवारी सकाळी न्याहारीनंतर वीस मिनिटांनी प्रकार ७, कळलंच नाही, कपडे खराब. हा माणूस डॉक्टरांना सांगतो "जुलाब होतात" आणि जुलाब थांबवायची गोळी घेतो. प्रत्यक्षात बद्धकोष्ठामुळे साचलेल्या कडक मलाच्या कडेने पातळ मल झिरपत असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्या गोळीने त्रास वाढेल. चार ओळी वेळच्या वेळी लिहिलेल्या असल्या तर हे उघड दिसतं. न्याहारीनंतरची वेळही उगाच नाही. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं हलू लागतं.

खाणं, औषधं, बाळंतपण किंवा मूळव्याध-भगंदराची जुनी शस्त्रक्रिया हेही लिहावं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने अनेकांना पातळ होतं. गोळी सुरू केल्याची तारीख नोंदीशेजारी असली तर दुवा सापडतो.

ॲप निवडताना मी दोनच गोष्टी पाहीन. नोंद पंधरावीस सेकंदांत होते का, आणि माहिती कुठे जाते. फोन टेबलावर असताना पडद्यावर "आज गळती झाली का?" अशी सूचना झळकणार असेल, तर माणूस दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकेल. सूचना बिननावाच्या हव्यात, ॲपला कुलूप हवं, आणि डॉक्टरांना दाखवण्यापुरता एका पानाचा अहवाल काढता यावा. नोंद बाहेर येऊन करावी. फोन घेऊन कमोडवर रेंगाळणं मूळव्याधीला बरं नाही.

काही बाबतींत मात्र नोंदी करत थांबू नये. मलातून रक्त जात असेल किंवा विनाकारण वजन घटत असेल तर लगेच डॉक्टरांना भेटावं. ताबा अचानक गेला आणि सोबत मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर मणक्यातल्या मज्जातंतूंवर दाब असू शकतो. तेव्हा तातडीने रुग्णालय गाठावं.

एरवी दोन ते चार आठवड्यांच्या नोंदी पहिल्या भेटीला पुरतात. पुढे गरज लागते ती उपचार बदलला की. माकडहाडाजवळच्या मज्जातंतूला सौम्य विद्युत स्पंदनं देणारं उपकरण कायमचं बसवण्याआधी काही दिवस चाचणी घेतात, आणि ताबा सुटण्याचे प्रसंग निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटले तरच बहुधा पुढे जातात. हा निम्मा आकडा ठरतो रुग्णाने आधी आणि चाचणीदरम्यान केलेल्या नोंदींवरून.