मिठी नदी : प्रवाह व पाण्याची प्रत

मिठी नदी : मुंबई उपनगरातून वाहणारी साष्टी बेटावरील नदी. लांबी सुमारे १७.८ किमी., पाणलोट क्षेत्र सुमारे ७३ चौ. किमी. विहार व पवई या तलावांच्या सांडव्यांचे पाणी एकत्र येऊन पुढे मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल व धारावी यांच्या कडेने ती माहीमच्या खाडीला मिळते. वाकोला नाला हा तिला उजव्या काठाने मिळणारा मोठा प्रवाह. बोलण्यात तिलाही सर्रास ‘नाला’ म्हटले जाते. ते योग्य नाही : डोंगरातला उगम, उपनद्या आणि भरती-ओहोटीचे मुख ही नदीची तिन्ही अंगे तिला आहेत.

नावाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार ते ‘मीठ’ या शब्दावरून, म्हणजे खाडीकाठच्या खारेपणावरून आले. दुसऱ्या मतानुसार ‘गोड पाण्याची’ या अर्थाने. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही दोन मते वाटतात तितकी दूरची नाहीत. मराठीतील ‘मीठ’ आणि हिंदी-गुजरातीतील गोड या अर्थाचा ‘मीठा’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘मृष्ट’ (रुचकर) याच शब्दापासून आल्याचे मानले जाते. मात्र मराठीत खाऱ्या पाण्याला ‘खारी’, ‘खारट’ म्हणतात, ‘मिठी’ म्हणत नाहीत. मिठावरून झालेली नावे ‘मिठागर’सारखी सामासिक असतात. स्त्रीलिंगी विशेषणाचे हे रूप गोडेपणाच्या अर्थाने अधिक सहज उलगडते, त्यामुळे दुसरे मत ग्राह्य वाटते. आलिंगनाच्या अर्थाशी नावाचा संबंध जोडण्यास आधार नाही.

उगमाची उंची अनेक लेखनांत २४६ मी. अशी दिली जाते. ही उंची संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांना लागू पडेल, विहारच्या सांडव्याला नाही. महानगरपालिकेच्या नोंदीत विहार तलाव भरून वाहण्याची पातळी ८०.१२ मी. आहे. हा आकडाही तसाच समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणून उतरवला जातो आणि चूक दुहेरी होते. कारण ही मोजणी मुंबईच्या टाउन हॉल डेटम या स्थानिक संदर्भ-पातळीवरून केलेली असून त्याचा शून्य समुद्राच्या सरासरी पातळीच्या वीस मीटरांहून अधिक खाली धरला आहे. म्हणजे सांडव्याची खरी उंची बरीच कमी आहे. नदीचा उतार, पर्यायाने तिचा वेग, याच आकड्यावरून काढला जात असल्याने हा तपशील क्षुल्लक नाही.

विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला. त्यापूर्वी त्या खोऱ्यातून वाहणाऱ्या प्रवाहाचा उल्लेख एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनात ‘गोपर’ (‘गोपुर’ असेही) या नावाने येतो. तो मिठीचाच वरचा भाग असावा. तसे असेल तर नदी तलावातून ‘उगम पावते’ हे म्हणणे उलटे ठरते : नदी आधीची, तलाव तिच्यावर बांधलेला. पवईचा तलाव १८९० च्या सुमारास तिच्याच एका उपप्रवाहावर झाला. त्याचे पाणी पिण्यायोग्य ठरले नाही.

प्रवाह : खोऱ्याखाली बेसाल्ट असल्याने पावसाळ्यानंतर झिरपून येणारे पाणी थोडेच. वर्षभराचा सुमारे २,३०० ते २,५०० मिमी. पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि तलाव भरून वाहू लागले की वरचा पुरवठा एकदम वाढतो. वरचा टप्पा तीव्र उताराचा, खालचा जवळजवळ सपाट; या दोन्हींच्या सांध्यावरच विमानतळ आहे. तेथे धावपट्टीखालून जाताना नदीला काटकोनी वळणे दिली गेली आहेत. खाली वांद्रे-कुर्ला संकुलासाठी पाणथळ जमीन भरल्याने, आणि त्याच्या कितीतरी आधी, १८४५ मध्ये खुल्या झालेल्या माहीमच्या बांधरस्त्यामुळे मुख आवळले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, कुलाब्यात ७४ मिमी. त्या दिवसाचा पूर सर्वश्रुत आहे. त्यानंतर मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने कारणांची तपासणी केली. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिमी. पावसासाठी होती. १९९३ च्या, मुंबईतील पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याविषयीच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ती ५० मिमी.साठी करण्याची शिफारस केली. उधाणाची भरती असताना मात्र पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते, तिथे वाहिनीची क्षमता कामी येत नाही.

पाण्याची प्रत : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत मिठीचा समावेश पहिल्या प्राधान्यगटात, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी; पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिग्रॅ.पेक्षा अधिक असलेल्या पट्ट्यांत आहे. स्नानयोग्य पाण्यासाठी ही मर्यादा ३ मिग्रॅ. आहे. घरगुती सांडपाणी हे मुख्य कारण. त्यात भंगार, पिंपे धुणे, रंगकाम अशा लहान उद्योगांचे व गोठ्यांचे पाणी मिसळते. डिसेंबर ते मे या काळात पात्रात जे वाहते त्यात नदीचे स्वतःचे पाणी फार थोडे असते. पातळ करायला काही नसल्याने या काळातील आकडे म्हणजे जवळजवळ सांडपाण्याचेच आकडे होत. उलट पहिल्या पावसात तळाचा गाळ ढवळून पाण्यातील ऑक्सिजन खाली जातो. पाणी वाढूनही प्रत बिघडते.

खालच्या टप्प्यात नमुना घेतल्याची वेळ निर्णायक ठरते. भरतीला घेतलेल्या नमुन्यात समुद्राचे पाणी मिसळल्याने बीओडी कमी दिसते, ओहोटीला त्याच ठिकाणी जास्त. रासायनिक ऑक्सिजन मागणीचे (पाण्यातील घाणीचे रसायनाने ऑक्सिडीभवन करून काढलेल्या आकड्याचे) याच्या उलट : खाऱ्या पाण्यातील क्लोराइडचेही या चाचणीतील डायक्रोमेट या रसायनाने ऑक्सिडीभवन होते व आकडा खोटा वाढतो. ते टाळण्यासाठी मर्क्युरिक सल्फेट घालतात, पण क्लोराइड फार असेल तर तेही पुरत नाही. म्हणून भरतीची स्थिती, क्लोराइड व प्रवाहाचे मोजमाप सोबत नसलेल्या आकड्यांची वर्षावर्षांतील तुलना करू नये. नदी ‘सुधारली’ किंवा ‘बिघडली’ असे अशा तुलनेवरून सांगणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

मुखाजवळ कांदळवने आहेत. धारावीच्या काठावर पूर्वीच्या कचराभूमीवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे आहे (१९९४). धारावी कोळीवाड्यातील कोळी पूर्वी या खाडीत मासेमारी करीत. [ → पवई तलाव, माहीमची खाडी, विहार तलाव ].